गच्चीवरून मायले फोन

४ ऑगस्ट
रिपोर्ट आला. जे वाटत होतं तेच. डॉक्टर तरुण आहे, माझ्याकडे न पाहता कागदाकडे पाहून बोलला. जीभ जवळजवळ सगळी काढावी लागेल. मानेतल्या गाठीही. मांडीचं मांस तिथं बसवतील. शालूनं विचारलं, "मंग बोलतील ना हे?" तो म्हणाला, "आवाज निघेल. शब्दांचं नंतर पाहू."
नागपूरहून एसटीनं परत. सेलूला गाडी थांबली. मग शालू म्हणाली, "तो पानठेल्यावाला खर्रा घोटून ठेवे, तुम्ही गाडीवरून उतरायच्या आधीच. मी तवाच..." बावीस वर्षं खाल्ला तो तंबाखू-सुपारीचा खर्रा. आता कोणाला काय म्हणू.
मायनं विचारलं, कोठी गेलते दिवसभर. दात दाखवायला, म्हणालो.

५ ऑगस्ट
रजेचा अर्ज दिला. प्राचार्य खुर्चीतून उठून माझ्यापर्यंत आले, असं वीस वर्षांत कधी झालं नव्हतं. म्हणाले, लॅबची काळजी करू नका. लॅबची कोण करतंय. चाळीस मशीन आहेत, त्यातली अकरा बंद. कोणीतरी पाहील.
चहा झोंबला. डाव्या बाजूनं गिळतो आता.

७ ऑगस्ट
शालूला लिहून दाखवता येईल. कॉलेजात लिहून दाखवता येईल. दुकानात बोट दाखवलं तरी चालते. मायला काय दाखवू? सहा वर्षं झाली तिचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेले. माझ्या आवाजानंच तिची सकाळ होते.
आणि सांगूही कसं. अरुणदादा, माझा मोठा भाऊ, याच रोगानं गेला. तेव्हा तिला दिसत होतं. त्याचं तोंड तिनंच शेवटपर्यंत धुतलं. तेरवीच्या दिवशी मला म्हणाली होती, "आता तुह्यं काई आयकाले लागू नये. त्याच्या आधी मले नेवो." ते ऐकून मी बाहेर गेलो आणि खर्रा खाल्ला. हे खरं आहे, म्हणून लिहून ठेवतो.
मायला सांगायचं नाही. शालू म्हणाली, "किती दिवस?" माहीत नाही.

९ ऑगस्ट
प्रफुल्लला फोन केला, पुण्याला. पॉलिटेक्निकचा वर्गमित्र, आता संगणकाला बोलायला शिकवायचं काम करतो. सगळं सांगितलं. तो एकदम कामाचं बोलला. बरं वाटलं त्याचं. "विल्या, दोन तास स्वच्छ रेकॉर्डिंग दे. तुझ्या आवाजाचं मशीन बनवून देतो. तू टाईप करशील, ते बोलेल." किती दिवसांत देऊ विचारलं. "तुझी जीभ किती दिवस साथ देईल तेवढ्या."

१२ ऑगस्ट
रेकॉर्डिंगला कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये एसी बंद करून बसतो. अंगातून पाणी निथळते. पेपर मोठ्यानं वाचतो. अग्रलेख, बाजारभाव, निधन वार्ता. 'ळ' आणि 'ट' म्हणताना जीभ वर लागते तिथंच जखम आहे. आज चाळीस मिनिटं झाली. शेवटी रुमालावर लाल.

१४ ऑगस्ट
प्रफुल्लचा निरोप: 'पहिल्या दिवसाचं चांगलं आहे, कालचं घेता येणार नाही, शब्द जाड येतात.' म्हणजे दोन दिवसांत एवढा फरक पडला. आज गोळी घेऊन वाचलं. शेवटची दहा मिनिटं पेपर बाजूला ठेवला आणि आपल्या बोलीत बोललो. माय जेवली का. औषध घेतलं का. मी येतो ना आता. असलं. ती दहा मिनिटं सर्वात कठीण गेली. दुखण्यानं नाही.

२० ऑगस्ट
पेनड्राईव्ह आला कुरियरनं. बोटाएवढा. त्यात लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन आहे, म्हणजे व्हीएम. शालूला समजावलं: हा एक अख्खा संगणक आहे, दुसऱ्या कोणत्याही संगणकात खोचला की त्याच्या पोटात चालतो. घरच्यात लाव, लॅबच्यात लाव, हॉस्पिटलात कोणाच्या लॅपटॉपला लाव. ती म्हणाली, "आन् याच्यात तुम्ही आहा?" हो म्हणालो. तिनं तो हातात घेतला नाही.
घरच्या जुन्या मशीनवर चालू केला. चालू व्हायला सात मिनिटं. एक वाक्य टाईप केलं. बोलला. माझाच आवाज, गेल्या वर्षीसारखा, जिभेवर फोड यायच्या आधीचा. पण बातम्या देतो तसा. शालू स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी.

२१ ऑगस्ट
अडचण ही. आवाज मशीनच्या पोटातल्या मशीनमध्ये आहे. मी टाईप करणार मोबाईलवर. मोबाईलनं वाक्य पाठवायचं, व्हीएमनं आवाज परत द्यायचा. म्हणजे दोघांचं नेटवर्क जुळायला पाहिजे. जुळत नाही. व्हीएममधून बाहेर सगळं जाते. बाहेरून आत काहीच नाही. तिचा पत्ता १०.०.२.१५, तो आतल्या आतलाच. मोबाईलला तो दिसतच नाही.
वीस वर्षं लॅबमध्ये केबल जोडतोय मी.

२३ ऑगस्ट
नेटवर्कची सेटिंग बदलून ब्रिज केलं, म्हणजे व्हीएमला घरच्या राऊटरकडून स्वतःचा पत्ता मिळतो. मिळाला. मोबाईलमधून माझा आवाज आला! शालूला हाक मारली. मग तोच पेनड्राईव्ह कॉलेजात नेऊन लावला तर व्हीएम चालूच होईना. ती घरचं नेटवर्क कार्ड शोधते, इथलं वेगळं. कार्ड बदलून दिलं तर कॉलेजचं नेटवर्क अनोळखी मशीनला पत्ता देत नाही. तो नियम मीच लावला होता, २०१९ मध्ये. पोरं गेम खेळतात म्हणून.
हॉस्पिटलात काय होईल?

२५ ऑगस्ट
प्रफुल्लशी फोनवर. माझं बोलणं त्याला अर्धं कळतं आता. तो म्हणाला, ब्रिज सोड. पत्ता आतलाच राहू दे, पोर्ट फॉरवर्ड कर. म्हणजे मोबाईलनं बाहेरच्या संगणकाचं दार ठोठावायचं, त्यानं निरोप आत पोचवायचा. केलं. तरी नाही. चार तास गेले. शेवटी कळलं, आवाजाचा प्रोग्राम फक्त स्वतःच्या मशीनचंच ऐकायचं असा लावला होता. एक ओळ बदलली. मग विंडोजचा फायरवॉल. त्याला परवानगी दिली. चाललं.
पायऱ्या वहीत लिहून ठेवल्या. ऑपरेशननंतर डोकं चालेल न चालेल.

२७ ऑगस्ट
मायला सांगितलं. पुण्याला ट्रेनिंग, तीन महिने; शालू काही दिवस आष्टीला माहेरी, तोवर मायपाशी शेजारच्या काकू. माझं बोलणं जाड झालं होतं तर म्हणाली, "दातवाल्यानं पार वाटोळं केलं तुह्या तोंडाचं." हो म्हणालो. म्हणाली, पुण्याले थंडी राह्यते, स्वेटर नेजो. तिचे पाय चेपले थोडा वेळ. अजून बसायचं होतं. शालूनं खूण केली, गाडी आली.
तिच्याशी शेवटचं काय बोललो ते आठवायचा प्रयत्न करतोय. "दार लावून घे" असं काहीतरी.

२९ ऑगस्ट
सात वाजता ऑपरेशनला नेतील. आणखी काही लिहायचं सुचत

५ सप्टेंबर
नाकात नळी, गळ्याला छिद्र. तोंडात काहीतरी आहे, माझं नाही. जिभेनं शेवटचं जे बोललो ते भूलतज्ज्ञ बाईंशी. "वरचा एक दात नकली आहे." बस. सत्तेचाळीस वर्षांचं बोलणं तिथं संपलं.

७ सप्टेंबर
मायनं काकूंकडून शालूला तीनदा फोन करवला. इलास काऊन फोन करत नाई. (माझं नाव ती तसंच घेते.) शालूनं सांगितलं, पोचले, कामात आहेत. मग बाहेर जाऊन आली, डोळे लाल.
लॅबमधल्या सहकाऱ्याचा लॅपटॉप आणलाय. पेनड्राईव्ह लावला. वहीतल्या पायऱ्या शालूला बोटानं दाखवत गेलो. व्हीएम चालू. पण हॉस्पिटलचं वायफाय एका यंत्राला दुसरं यंत्र दिसू देत नाही. मोबाईल आणि लॅपटॉप एकाच खाटेवर, तरी भेट नाही.

८ सप्टेंबर
सुचलं. हॉस्पिटलचं नेट वापरायचंच नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला, लॅपटॉप त्याच्यावर घेतला. दोघांचंच घर. लागलं.
चार वाजता मायला फोन. तिच्याकडं बटणांचा फोन आहे, हिरवं बटण तिला चाचपून सापडते. मी मोबाईलवर टाईप करतो, आवाज त्याच मोबाईलच्या स्पीकरवर येतो, शालू दुसरा फोन दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरते. इअरफोनचं एक टोक माझ्या कानात, दुसरं तिच्या.
"माय, मी विलास."
"इलास! केवढे दिवस झाले रे. जेवला का?"
एक वाक्य तयार व्हायला चार सेकंद. तेवढ्यात ती दोनदा हॅलो म्हणते. "लाइन खराब आहे माय." "हो. आन् तू पुण्याले जाऊन साहेबासारखा बोलाले लागला."
शालू हसली. दोन्ही हात अडकले होते, डोळे पुसता येईनात.
सहा मिनिटं बोललो. नर्स म्हणाली, बीपी पहा किती छान आलंय.

१४ सप्टेंबर
घरी आणलं. गळ्याचं छिद्र बुजतंय. नळी अजून आहे. आरशात पाहिलं, एकदाच. जबडा एका बाजूनं उकडलेल्या बटाट्यासारखा. वजन सत्तेचाळीस. एकसष्ट होतं.
घरात तिघंच आम्ही, मूलबाळ नाही, लपणार कुठं. शालूनं मायला सांगितलं, माझा मावसभाऊ आलाय आष्टीहून, इलाजासाठी राहील, मुका आहे. माय म्हणाली, "बिचारा. त्याले दही देत जाजो." तिच्या खाटेपासून दहा फुटांवर उभा होतो मी. पावना झालो.

१६ सप्टेंबर
शालूनं शेजारच्या काकूंना सांगितलं, आईसमोर बोलू नका. त्यांनी मान हलवली, पण तोंडावर नापसंती होती.
रोज पाच वाजता गच्चीवर जातो. संगणक खाली आतल्या खोलीत, पेनड्राईव्ह त्यात. दोन फोन घेऊन पाण्याच्या टाकीमागं बसतो आणि खालच्या खोलीतल्या मायला पुण्याहून फोन करतो. राऊटरचं नेट टाकीपर्यंत जेमतेम येते. दोन पावलं डावीकडं सरकलं की तुटलं. वाक्य अर्ध्यात राहते. तिला वाटते माझ्या गाडीला घाट लागला.

१९ सप्टेंबर
आज फोनवर म्हणाली, "तो पावना आलाय ना शालूचा, त्याचा पाय तुह्यासारखा वाजते. सकायी मले वाटलं तूच आला. हाक मारलती मी."
मारली होती. मी दारातच थांबलो होतो.
टाईप केलं: भास होतो माय. पाठवलं.
आजपासून डावा पाय घासत चालतो.

२३ सप्टेंबर
दुपारी पाणी मागितलं तिनं. शालू बाहेर. मी पेला नेऊन हातात दिला. माझी बोटं लागली. "थंडे हात आहे रे बाबू तुहे," म्हणाली. "तुह्या मायले काय वाटत असन." पाणी पिऊन पेला परत दिला. मी आतल्या खोलीत येऊन पंखा जोरात लावला.

२६ सप्टेंबर
मशीन बंद. विंडोजनं स्वतःच अपडेट घेतलं, तेव्हापासून व्हीएमला नेटवर्कच नाही. आत विचारलं तर कार्ड दिसते, पत्ता नाही. फॉरवर्ड केलेलं दार गायब. पाच वाजून गेले. खाली माय फोन मांडीवर घेऊन बसली होती.

२७ सप्टेंबर
नाही लागलं. प्रफुल्ल परदेशात, त्याचा फोन बंद. वहीतल्या पायऱ्या दोनदा केल्या. माय सकाळी अर्धी भाकर, संध्याकाळी नाही. "इलासचा फोन नाई. काईतरी झालं. तुम्ही मले सांगून नाई राह्यले." शालू म्हणाली, तिकडं नेटवर्क नाही, आई. माय म्हणाली, "अरुणच्या वक्ताले बी असंच सांगे तू."
शेवटी आधी तयार केलेलं एखादं वाक्य मोबाईलमध्ये आहे का पाहिलं. एकच होतं. 'लाइन खराब आहे माय.' ते कसं ऐकवू.

२८ सप्टेंबर
सकाळपासून बसलो. तोंडातली लाळ टॉवेलवर, एका हातानं टॉवेल, एका हातानं टाईप. अपडेटनं नेटवर्कचा तो भागच उडवला होता. पूर्ण काढून पुन्हा टाकला. मग घरच्या मशीनचा पत्ता बदललेला, मोबाईलमध्ये जुनाच. तो बदलला. फायरवॉलला पुन्हा परवानगी. साडेचारला लागलं.
पाचला फोन. "माय, टॉवर बंद होता."
ती रडली. मग रागावली. मग म्हणाली थांब, जेवते आणि मग बोलते, ठेवू नको. फोन चालू ठेवून जेवली. मी गच्चीवर बसून तिचं चावणं ऐकलं.
उतरलो तर शालू जिन्यात उभी. "हे अजून किती दिवस? एक दिवस मशीन कायमचं बंद पडन. मंग काय सांगू मी? मेला म्हणून सांगू?" माझ्याकडं वही नव्हती हातात.

५ ऑक्टोबर
फोनवर मायचा आवाज आज हळू होता. हात तोंडावर धरून बोलत होती.
"इलास, एक सांगू का. रागावजो नको."
सांग माय.
"तो पावना. तो शालूच्याच खोलीत झोपते. कडी लागते आतून, मले आयकू येते. दोघं आत राह्यते, आन् एक शब्द नाई. मुका हाय म्हणे. असा कसा भाऊ?"
अंगठा स्क्रीनवर तसाच राहिला.
"इलास? आयकून राह्यला ना? तू ये. उद्याच ये. नौकरी गेली चुलीत."
टाईप केलं: शालू तशी नाही माय. चार सेकंद. ते वाक्य त्या बातम्यांच्या आवाजात गेलं, पाऊस पडण्याची शक्यता आहे म्हणावं तसं.
"तुले काय मालूम. तू पुण्याले."
फोन मीच कापला.
शालूला सांगितलं नाही. खाली गेलो तेव्हा ती माझ्या नळीसाठी वरणाचं पाणी गाळत होती.

६ ऑक्टोबर
माय शालूच्या हातचं जेवली नाही. ताट सरकवलं. म्हणाली, "इलास येऊ दे." शालूनं मला विचारलं, काय झालं? लिहून द्यावं लागलं. तीन ओळी. लिहिताना पेन दोनदा थांबलं.
वाचून ती खाटेवर बसली. ओरडली नाही. "सहा वर्षं त्याइचं हागणं-मुतणं मी काढलं," एवढंच. मग कागदाची घडी घालून, "उद्या सांगा. नाई तर मी जातो आष्टीले, माहेरी. तुमचं मशीन पाहन त्याइले."
होय लिहिलं.

७ ऑक्टोबर
सांगितलं. लिहिणं भाग आहे, नाहीतर मीच नंतर वेगळं आठवीन.
दहा वाजता. माय खाटेवर. मी समोर खुर्ची घेतली, मोबाईल हातात. शालू दाराशी. आधी शालू बोलली, "आई, हे पुण्याले गेलेच नाई. हेच आहेत. ऑपरेशन झालं." माय म्हणाली, "तू नको बोलू." त्या आवाजात तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.
मग मी पाठवलं: माय, मी विलास. मी इथंच आहे. माझी जीभ काढली.
माझ्या हातातून माझा आवाज आला. माय एकदम सरळ झाली. हात पुढं केला. मी तो माझ्या गालावर ठेवला. तिनं चाचपलं. जबडा, सूज, मानेवरची शिलाई, नाकातली नळी. बोटं थांबली. हात चटका लागल्यासारखा मागं घेतला.
"माह्या इलासचा फोन तुह्याजवळ कसा?"
मी पुन्हा पाठवलं: मीच आहे माय. ती माझ्याशी नाही, मोबाईलशी बोलायला लागली. "इलास, कोठी आहे तू? हे लोक तुले काय करून राह्यले?" इथंच आहे. "इथी कोठी? हा माणूस पाय घासते. तुहा पाय मले ओयखू येते."
शालूनं पुढं होऊन मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला. "आता मशीन नाई," म्हणाली. "आता तुम्ही बोला."
बोललो. जे आहे त्यानं. "आ... आ..." घशातून. सहा आठवड्यांत पहिल्यांदा तिच्यासमोर. तोंडातून लाळ तिच्या हातावर पडली.
माय रडली नाही. हात लुगड्याला पुसला. भिंतीकडं तोंड करून झोपली.

८ ऑक्टोबर
बोलत नाही. शालूशीही नाही, माझ्याशीही नाही. शेजारच्या काकू येऊन बसल्या, म्हणाल्या, तुमचा विलासच आहे जी, मी डोळ्यानं पाह्यते ना. माय म्हणाली, "तुम्ही साऱ्या एकच."
पाच वाजता फोन केला नाही मी. कोणत्या तोंडानं.

९ ऑक्टोबर
चहा घेतला तिनं, शालूच्या हातचा. अर्धा कप. शालूनं मला दाखवला कप, जणू काही मार्कशीट.
हॉस्पिटलातून फोन. तेरा तारखेपासून रेडिएशन, तेहतीस वेळा. गाठींमध्ये होतं म्हणे थोडं. थोडं म्हणजे किती ते सांगितलं नाही, शालूनं विचारलं नाही.

११ ऑक्टोबर
दुपारी खोलीच्या दारातून जात होतो. पाय न घासता. आता काय त्याचं.
"ए," माय म्हणाली. इलास नाही, पावना नाही. "ए. इथी ये."
गेलो. खाटेशेजारी खाली बसलो. तिनं चाचपत माझं डोकं शोधलं, कपाळ, कान. कानाच्या मागं बोट नेलं, मग केसांत. मानेच्या शिलाईवर आली तशी हळू झाली. एक एक टाका मोजल्यासारखं वरून खाली. अरुणदादाची मान अशीच धुवायची ती.
"दुखते का?"
मान हलवली. मग लक्षात आलं, तिला दिसत नाही. "अं," म्हणालो.
"हं."
बराच वेळ हात तिथंच. नंतर म्हणाली, जा, आराम कर. कोणाला म्हणाली, समजलं नाही.

१२ ऑक्टोबर
उद्या सकाळी सातची गाडी नागपूरला. शालूनं पिशवी भरली. कागद, टॉवेल, नळीची पिचकारी. पेनड्राईव्ह ठेवू का विचारलं. खांदे उडवले मी.
सकाळी माय शालूला म्हणाली, त्याच्यासाठी मुगाचं पाणी कर, पातळ. 'त्याच्यासाठी'. शालूनं मला येऊन हे दोनदा सांगितलं.
पावणेपाचला पाहतो तर माय खाटेवर बसलेली. केस विंचरलेले. बटणांचा फोन मांडीवर, अंगठा हिरव्या बटणावर. मी दारात उभा आहे हे तिला कळलं होतं, कारण मान थोडी वळली. फोन खाली ठेवला नाही.
शालू हळूच म्हणाली, "लावता का?"
आतलं मशीन चालू केलं. सात मिनिटं. नेटवर्क पहिल्याच वेळी लागलं, काही करावं लागलं नाही. दोन्ही फोन घेऊन जिन्यापाशी आलो. वर गच्ची, उजवीकडं मायची खोली. पाच वाजले. एक शब्द टाईप केला, 'माय'. पाठवला नाही अजून.